चिखलदऱ्याचा डोंगर, कोरकूंचा भूमका आणि आपण वैद्य

यवतमाळहून पहाटे निघाले म्हणजे नेर, बडनेरा, अमरावती, परतवाडा असा मार्ग आक्रमून दुपारच्या आत चिखलदरा गाठता येतो. परतवाड्यापर्यंत कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागा सोबत असतात. पुढे घाट लागतो, वाट वळणे घेऊ लागते, आणि तासाभरात आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या एका चिमुकल्या डोंगरी गावात येऊन पोहोचतो. विदर्भातील बहुतेकांना चिखलदरा ठाऊक आहे तो थंड हवेचे ठिकाण म्हणून. देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड आणि कॉफीची झाडे पाहून मंडळी दोन दिवसांत परततात. या डोंगरावर शतकानुशतके राहणारा जो समाज आहे, त्याची गाठ पर्यटकांस क्वचितच पडते.

प्रस्तुत लेखकास ती गाठ पडली ती नोकरीच्या निमित्ताने. बी. ए. एम. एस. झाल्यानंतर २००६ साली मेळघाटात भरारी पथकाचा मानसेवी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करण्याची संधी मिळाली. आपल्यापैकी अनेकांनी आपल्या व्यवसायाचा आरंभ अशाच पथकांतून केला आहे, हे वाचक जाणतातच. त्या काळात जे पाहिले, जे चुकले, आणि पुढे स्वतःची लहानशी फार्मसी चालविताना जे ध्यानात आले, ते वैद्यबंधू-भगिनींपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

देशविचार

सातपुड्याच्या ज्या भागात अनेक घाट एकत्र येतात तो मेळघाट. अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके त्यात मोडतात. सिपना, खापरा, गडगा या नद्या येथील पाणी तापीकडे नेतात. साग, सालई, धावडा, तिवस, मोह, टेंभुर्णी, चारोळी, बेहडा, आवळा, बहावा, कुडा, पळस, बिब्बा यांनी हे पानझडी अरण्य भरलेले आहे. चरकाचार्यांनी औषधिग्रहणास साधारण किंवा जांगल देश प्रशस्त मानला. त्या वर्णनाशी जुळणारा प्रदेश आपल्या शेजारी शोधावयाचा झाल्यास मेळघाटाकडेच बोट दाखवावे लागेल.

चिखलदऱ्याच्या नावाची लोककथा कीचकवधाशी जोडलेली आहे. भीमाने कीचकास मारून ज्या दरीत लोटले तो कीचकदरा, आणि त्याचा अपभ्रंश चिखलदरा, असे सांगतात. इतिहासाच्या अंगाने पाहता जवळचा गाविलगड हे वऱ्हाडचे एक महत्त्वाचे ठाणे होते. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने तो नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. पुढे गोऱ्या अधिकाऱ्यांनी येथे उन्हाळी वास्तव्यासाठी बंगले बांधले व आजचे चिखलदरा आकारास आले. किल्ले आले, बंगले आले, १९७४ साली व्याघ्रप्रकल्पही आला. कोरकू मात्र या सर्वांच्या आधीपासून येथे होता.

कोरकू समाज

मेळघाटातील आदिवासींमध्ये कोरकूंची संख्या मोठी आहे. त्यांच्यासोबत गोंड, निहाल, गवळी आदी समाजही राहतात. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनी प्रत्यय, म्हणून कोरकू म्हणजे माणसे. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातील नाही आणि गोंडी-कोलामीप्रमाणे द्राविडीही नाही. झारखंडातील मुंडारी व संथाळी ज्या मुंडा कुळातील आहेत त्याच कुळातील ती सर्वांत पश्चिमेकडील भाषा होय. पाण्यास कोरकूत ‘डा’ म्हणतात. संथाळीतील शब्द त्याच्या अगदी जवळचा आहे. आपल्या भाऊबंदांपासून शेकडो कोस दूर राहूनही या लोकांनी आपली बोली टिकविली, ही गोष्ट आश्चर्याची आहे.

त्यांच्या उत्पत्तिकथेत सातपुडा निर्जन असल्याचे पाहून रावणाने महादेवाकडे माणसांची मागणी केली. महादेवाने मुंग्यांच्या वारुळाची लाल माती मागविली आणि तिच्यापासून मुला व मुलाई ही पहिली जोडी घडविली. आपण ज्याला खलपुरुष मानतो त्याच्याच विनंतीवरून हे लोक जन्मास आले, असे ते मानतात. होळीच्या सुमारास मेघनाथाची पूजा होते, फगवा मागितला जातो आणि गादुली-सुसून नृत्याने रात्री जागतात. गावाच्या वेशीवर दगडांच्या ढिगाऱ्यात मुठवादेव असतो. मृतांच्या स्मरणार्थ सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरलेले लाकडी खांब उभारण्याची चालही या समाजात आहे.

आहाराच्या बाबतीत एक निरीक्षण नोंदविणे आवश्यक वाटते. कोदो, कुटकी, सावा ही त्यांची जुनी धान्ये. आपल्या संहितांनी कोरदूषक, श्यामाक यांस कुधान्यवर्गात घातले, ती रूक्ष व लघु सांगितली, आणि आपण पदवी परीक्षेत ते पाठ केले. ही धान्ये मोहाची फुले, रानभाज्या, कंद, नदीतले मासे व शिकार यांच्या जोडीने खाल्ली जात तेव्हा तो आहार पुरा होता. रान आटले, शिकार बंद झाली, शिधापत्रिकेवरील गहू-तांदूळ ताटात आला आणि सोबतचे सारे गळून पडले. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून कुपोषण आणि मेळघाट ही जोडी वर्तमानपत्रांतून हटलेली नाही. धारणी तालुक्यातील बैरागड येथे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी या लोकांत राहून केलेल्या सेवेचा २०१९ साली पद्मश्रीने गौरव झाला. असे अपवाद सोडल्यास तेथे टिकून राहणारे चिकित्सक थोडेच.

भूमका आणि पडियार

चिकित्सक टिकत नाहीत म्हणून कोरकू गाव चिकित्सेविना असते असे नाही. गावाची पूजाअर्चा करणारा, वाघापासून व रोगराईपासून गावाचे रक्षण व्हावे म्हणून देवास आळविणारा तो भूमका. अंगात येऊन रोगाचे कारण सांगणारा तो पडियार. व्यवहारात या दोहोंची कामे बरीच मिसळलेली असतात. आपण शहरी मंडळी दोघांनाही ‘मांत्रिक’ म्हणून मोकळे होतो.

तथापि भूमक्याच्या हाती मंत्राखेरीज आणखीही काही असते. कुड्याची साल अतिसारावर, बिब्बा जपून वापरावयाचा, बहाव्याच्या शेंगेचा मगज कोठा साफ होण्यासाठी, सालईचा डिंक सांधे धरल्यावर, शतावरीचे मूळ बाळंतिणीस दुधासाठी, ही माहिती एका वृद्ध भूमक्याकडून ऐकताना मला द्रव्यगुणाच्या वर्गात बसल्यासारखे वाटले होते. कुटज, भल्लातक, आरग्वध, शल्लकी, शतावरी ही नावे त्यास ठाऊक नव्हती. झाड मात्र तो अंधारातही हाताने चाचपून ओळखीत असे.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात आचार्यांनी या विषयावर जे म्हटले आहे ते आपण विद्यार्थिदशेत वाचले आहे. शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी हे औषधी नामरूपाने जाणतात, असे ते प्रथम मान्य करतात. लगेच पुढे सांगतात की केवळ नाव आणि रूप जाणल्याने औषधी पूर्ण कळत नाही. देश, काल आणि प्रत्येक पुरुष यांचा विचार करून जो योग जाणतो तो श्रेष्ठ भिषक्. या वचनाचा पूर्वार्ध आपणांस नम्र करणारा आहे, तर उत्तरार्ध आपल्यावर जबाबदारी टाकणारा. माझ्या हातून एकाच प्रसंगी दोन्ही निसटले.

डंबा : एक अनुभव

पावसाळ्याचे दिवस होते. दुपारच्या वेळी एक तरुण आई आणि तिची सासू अडीच महिन्यांच्या मुलास घेऊन आमच्या पथकाकडे आल्या. फडके बाजूस केले तो पोटावर तापलेल्या विळ्याचे ताजे चटके दिसले. मेळघाटात यास ‘डंबा’ म्हणतात. बाळाचे पोट फुगले, ते कण्हू लागले, दूध ओढीनासे झाले म्हणजे हा उपाय करण्याची चाल आहे.

ते चटके पाहून माझा तोल सुटला. मी त्या दोघींना सर्वांसमक्ष फैलावर घेतले. ज्याने हे केले तो भूमका भोंदू असल्याचेही ऐकविले. मग जखमांवर मलम लावले, पोटासाठी औषध दिले आणि ग्रामीण रुग्णालयात जाण्याची चिठ्ठी हाती ठेवली. दोघी खाली मान घालून निघून गेल्या. त्या रुग्णालयात गेल्याच नाहीत. पुढील फेरीत गावी गेलो तेव्हा ते मूल तिसऱ्या दिवशीच गेल्याचे समजले.

संध्याकाळी तो भूमका स्वतः भेटावयास आला. रागाने आला असावा असे मला वाटले होते, पण तो शांत होता. मोडक्या हिंदीत तो जे म्हणाला त्याचा आशय असा : डॉक्टरसाहेब, तुम्ही डाग पाहिले, लेकराकडे पाहिले नाही.

त्याचे म्हणणे खरे होते. त्या दिवशी मी मुलाचे श्वास मोजले नव्हते. पोटफुगी, कण्हणे आणि दूध न ओढणे या लक्षणांच्या जोडीने श्वास जलद असेल, छातीच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर तो न्यूमोनिया समजून तातडीने उपचार करावयाचा, हे मला शिकविलेले होते. बालरोगाच्या आपल्या ग्रंथांतही उत्फुल्लिका नावाने उदराचे आध्मान आणि श्वास यांची सांगड घातलेली आहे, आणि आपले कौमारभृत्याचे अध्यापक तिचा न्यूमोनियाशी मेळ घालून शिकवितात. सारे पाठ असूनही संतापामुळे ते आठवले नाही. डंबा देणाऱ्याने मुलास इजा केली होती यात शंका नाही. परंतु त्या मुलाला वाचविण्याची जी एक संधी होती ती माझ्या हातून गेली, हेही तितकेच खरे. चिठ्ठी देताना चार गोड शब्द बोललो असतो, सोबत गाडीत बसवून दिले असते, तर कदाचित निराळे घडले असते. आज वीस वर्षांनीही हा ‘कदाचित’ मनातून जात नाही.

डंबा म्हणजे अग्निकर्म नव्हे

आपल्यातील काही मंडळी डंबा हे आपल्या अग्निकर्माचेच लोकरूप असल्याचे कौतुकाने सांगतात. तसे म्हणण्याने आपण शास्त्राची व त्या मुलांची, दोहोंची हानी करतो. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात अग्निकर्म विस्ताराने सांगितले आहे. दहनाची साधने, वलय-बिंदू-विलेखा-प्रतिसारण या आकृती, शरद व ग्रीष्म वर्ज्य करण्याचा नियम, सम्यक् दग्ध व अतिदग्ध यांची लक्षणे, हे सर्व तेथे आहे. आणि अग्निकर्म कोणास करू नये याची यादीही तेथेच आहे. पित्तप्रकृती, दुर्बल, वृद्ध, भीरू यांच्या जोडीने ‘बाल’ हा शब्द त्या यादीत स्पष्ट आलेला आहे. उत्तरकालीन एखाद्या ग्रंथातून कोणी दाहाला आधार काढून दाखविलाच, तरी मूळ शल्यतंत्राचा हा निषेध आणि आजचे बालरोगविज्ञान यांपुढे तो टिकणारा नाही. तान्ह्या मुलाच्या पोटावर तप्त लोखंड ठेवण्यास आयुर्वेदाची संमती नाही, हे आपण निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यातील अवघ्या २२ दिवसांच्या बालकाच्या पोटावर गरम विळ्याचे ६५ चटके दिल्याचे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले. अशा वेळी गुन्हे नोंदविले जातात आणि ते योग्यच आहे. परंतु केवळ धाकाने ही चाल लपून राहील, थांबणार नाही. चटके दिसतील या भीतीने आई मुलास दवाखान्यात नेण्याचेच टाळते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

यावर उपाय काय, असा प्रश्न सहजच येतो. अलीकडे मेळघाटात आरोग्य यंत्रणेने भूमक्यांना एकत्र बोलावून, रुग्णास केंद्रात आणण्याच्या कामी त्यांचे साहाय्य घेण्याचे प्रयत्न केले आहेत, ती दिशा मला रास्त वाटते. भूमक्यास श्वास मोजणे शिकविता येते. दोन महिन्यांच्या आतील मुलात मिनिटास ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० वा अधिक श्वास म्हणजे धोका, एवढे तीन आकडे त्याच्या ध्यानात बसावेत. ज्याच्या शब्दावर गाव डंबा देते, त्याच्याच शब्दावर गाव गाडीतही बसते.

दूरच्या एका डोंगरावरचे उदाहरण

स्वतःच्या डोंगरी वैदूंचा मान राखणारा समाज कोठे आहे काय, याचा शोध घेता दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचे उदाहरण समोर येते. बोलिव्हिया देशात टिटिकाका सरोवराच्या उत्तरेस चाराझानी नावाचे लहानसे डोंगरी गाव आहे. त्याच्या परिसरात कल्लावाया नावाचा मूलनिवासी समाज राहतो. फिरत्या वैद्यांचा समाज अशीच त्याची ख्याती आहे. मंडळी औषधांच्या पिशव्या खांद्यास लावून पायी डोंगर-दऱ्या ओलांडीत आणि दूरदूरच्या गावी जाऊन उपचार करीत. ज्ञान बापाकडून मुलाकडे जाते. बाळंतपणे व बालकांचे आजार यांत स्त्रियांचा वाटा मोठा असतो. उपचारविधीसाठी त्यांची वेगळी भाषाच आहे, तिचे व्याकरण केचुआचे आणि बरेचसे शब्द लुप्त झालेल्या पुकिना भाषेतले. युनेस्कोने २००३ साली या परंपरेस मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरविले आणि २००८ साली प्रातिनिधिक यादीत तिचा समावेश केला. त्यांच्या औषधसंग्रहात सुमारे ९८० वनस्पती असल्याचे युनेस्कोने नमूद केले आहे.

कल्लावायांचे सर्वच उपचार शास्त्रशुद्ध असतील असे माझे म्हणणे नाही. परंतु त्याच अँडीजच्या सिंकोना सालीने पुढे साऱ्या जगास हिवतापावर क्विनीन दिले, हे विसरता येत नाही. त्या सालीचा व्यापार करून पैसा मिळविला तो इतरांनी. एकोणिसाव्या शतकात बियाणे बाहेर नेऊन डचांनी जावा बेटावर मोठे मळे उभारले. डोंगरावरच्या माणसांच्या पदरी फारसे काही पडले नाही. आपल्या डोंगरावर काय चालले आहे ते पाहताना ही हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मुसळीची टेकडी

गतवर्षी कार्तिकात दोन स्नेह्यांसमवेत पुन्हा चिखलदऱ्यास जाणे झाले. तो वृद्ध भूमका आता हयात नाही. त्याच्या मुलाने आम्हास गावामागील टेकडीवर नेले आणि येथे पूर्वी सफेद मुसळी उदंड होती असे सांगितले. आता चार-दोन रोपेही शोधून काढावी लागतात. पाने पिवळी पडून गळेपर्यंत आम्ही मातीस हात लावीत नसू, असे त्याचा बाप त्यास सांगत असे.

ही गोष्ट मी चरकाच्या कल्पस्थानाशी ताडून पाहिली. औषधिग्रहणाच्या काळाबाबत आचार्य सांगतात की मुळे ग्रीष्मात, अथवा शिशिरात जेव्हा पाने गळालेली असतात तेव्हा घ्यावीत, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, फुले-फळे त्यांच्या त्यांच्या ऋतूत. पाने झडल्यावर रस मुळाशी परततो आणि तोवर बीही पडलेले असते. म्हणजे औषध वीर्यवान मिळते व वनस्पतीही उरते. रानातली मुसळी मात्र सर्रास श्रावण-भाद्रपदातच उपटली जाते, कारण पाने हिरवी असतात तोवरच ती गवतात दिसते, आणि आधी खणली नाही तर दुसरा कोणी खणून नेईल ही धास्ती असते. कोवळी मुळी वाळल्यावर वजनही फार घटते. मग तेवढ्याच पैशासाठी आणखी रोपे उपटावी लागतात. शतावरीचे तेच, कुड्याच्या सालीचेही तेच. खोडाभोवती सगळी साल काढली की झाड उभे वाळते. आवळ्याच्या तर फांद्याच तोडून फळे उतरविली जातात.

यात दोष खणणाऱ्याचा किती? सर्वांत कमी पैसा त्याच्याच हाती पडतो. खेडा खरेदी करणारा, तालुक्याचा अडत्या, मोठ्या गावचा काष्ठौषधी व्यापारी अशा पायऱ्या चढत माल आपल्या फार्मसीत येतो. मी स्वतः अनेक वर्षे बाजारातून मुसळी विकत घेतली. भाव विचारला, ओल किती ते पाहिले, शुभ्रता पाहिली. ती कोणत्या महिन्यात खणली आणि कोठून आली, हे एकदाही विचारले नाही. त्या टेकडीवर उभे असताना यातील काही मुसळी आपल्याच चूर्णात गेली असावी असे वाटून गेले.

कायदा आणि कर्तव्य

औषधनिर्मात्या बांधवांनी कायद्याची बाजूही समजून घ्यावी. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. वनस्पतींच्या व्यापारी वापरातून होणाऱ्या लाभाचा काही अंश स्थानिक समाजास मिळावा हे त्याचे एक उद्दिष्ट होते. देशी आयुर्वेदीय उत्पादकांनाही ते लागू होते काय, या वादात उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली होकारार्थी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली, संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवडीच्या औषधी वनस्पती आणि नोंदणीकृत आयुष व्यावसायिक यांना या बंधनातून बरीच सूट मिळाली. आपल्या व्यवसायातील अनेकांनी तिचे स्वागत केले. मीही केले, कारण लहान फार्मसीस कागदपत्रांचा भार पेलत नाही.

मात्र कायद्याने सूट दिली म्हणून ऋण फिटले असे होत नाही. ज्यांच्याकडून नामरूप घ्या असे चरक सांगतो, त्या वनवासीयांचे देणे कोणत्या दुरुस्तीने माफ होणार? एक चांगला मार्ग मेळघाटाच्या पायथ्याशीच तयार झालेला आहे. अचलपूर तालुक्यातील पायविहीर या कोरकूबहुल गावास २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २०१२ साली सुमारे १९० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने उजाड रान राखले, वाढविले आणि तेथील सीताफळे ग्रामसभेमार्फत विकून उत्पन्न गावातच ठेवले. जे सीताफळाचे झाले ते आवळा, बेहडा, बेल, डिंक, चारोळी यांचेही होऊ शकते. विकत घेणारे हवेत.

म्हणून आपल्या संघटनेने व औषधनिर्मात्या सभासदांनी विचार करावा अशा तीन सूचना मांडतो. पहिली, मुळे व साली यांच्या खरेदीत संकलनाचा प्रदेश व महिना लिहून मागावा आणि अकाली खणलेला माल परत करावा. दहा फार्मस्यांनी एकत्र येऊन हा आग्रह धरला तर व्यापाऱ्यास तो मानावाच लागेल. दुसरी, मुसळी व शतावरी शक्यतो लागवडीचीच घ्यावी, आणि रानातील फळे, डिंक आदी द्रव्ये ग्रामसभांकडून थेट, थोडा अधिक भाव देऊन घ्यावीत. तिसरी, जे तरुण वैद्य आदिवासी भागात सेवेस जातात त्यांना तेथील वैदूंशी कसे वागावे याचे दोन शब्द जाण्यापूर्वी ज्येष्ठांनी सांगावेत. मला कोणी सांगितले नव्हते, आणि विचारण्याचे मलाही सुचले नव्हते.

आपल्या अंगणातील पोड

चिखलदरा यवतमाळहून दूर आहे, आपला त्याच्याशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. तर झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या आपल्याच तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत. महाराष्ट्रात केंद्र शासनाने विशेष असुरक्षित गटांत गणलेल्या तीन जमाती आहेत, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामांची भाषा द्राविडी कुळातील असून गोंड मंडळी देवकार्यासाठी त्यांना पुजाऱ्याचा मान देतात. त्यांच्याही वस्तीत औषधी जाणणारी म्हातारी माणसे आहेत. त्यांच्या टेकड्यांवरून निघणारा माल पांढरकवडा-वणीच्या बाजारातून आपल्याकडे येतो. त्यांची लेकरेही पावसाळ्यात धापा टाकीत आपल्या दवाखान्याच्या पायरीशी येतात. मेळघाटातील जी चूक मी केली ती येथेही होऊ शकते.

परतीच्या दिवशी त्या तरुण भूमक्याच्या घरी गेलो होतो. त्याचे तान्हे मूल आईच्या मांडीवर झोपलेले होते. मी सवयीने घड्याळ काढून त्याचे श्वास मोजू लागलो, तेव्हा तो हसून म्हणाला, मीही रोज मोजतो, आशाताईने शिकविले आहे. मुलाच्या पोटावर एकही डाग नव्हता.

निघताना त्याने कागदात बांधलेले मुसळीचे थोडे बी माझ्या हाती दिले. यंदाच्या मृगात ते माझ्या दवाखान्यामागच्या वाफ्यात पेरावयाचे आहे. ज्या सभासदांस त्यातील रोपे हवी असतील त्यांनी अवश्य यावे.